वाडा झाडणार कोण?

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. हळदीची, उसाची शेतं ओलांडून रस्ता गावात शिरतो, गल्ल्या अरुंद होत जातात आणि नदीच्या अंगाला नाना फडणवीसांचा वाडा येतो. सुट्टीच्या दिवशी इथे पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. नाना कुठे बसायचे? भुयार आहे का? आणि ‘स्वदेस’मध्ये शाहरुख खान दिसतो तो घाट हाच ना? २००४ साली आलेल्या त्या चित्रपटाने मेणवली घरोघरी पोचवली. चित्रीकरणाची गावाला आता इतकी सवय झाली आहे की कॅमेरा लागलेला दिसला तरी घाटावरची धुणी थांबत नाहीत.

गावाचा इतिहास भारदस्त आहे. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस यांना मेणवली १७६८मध्ये इनाम मिळाली. १७८०च्या सुमारास वाडा उभा राहिला. सहा चौक, भोवती तट, आत भिंतींवर चित्रं आणि मागच्या अंगाने थेट नदीवर उतरणारा घाट. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं. तिथेच दगडी मंडपात टांगलेली थोरली घंटा मात्र फार लांबून आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे, आणि १७०७ हे साल. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यांतलीच. मेणवलीत राहणाऱ्या माणसाला याचं काही वाटत नाही. त्याच्या लेखी ती महादेवाची घंटा.

हे सगळं पाहून झालं की माझ्या डोक्यात एक गद्य प्रश्न उरतो. हे सहा चौक रोज झाडतं कोण?

जुन्या वाड्याला रोजचं माणूस लागतं. चौकातला पाला काढला नाही तर मोरीचं तोंड बुजतं. मोरी तुंबली की पाणी जोत्यात मुरतं, आणि जोतं ओलं राहिलं की तळखड्यावर टेकलेला खांब खालून कुजायला लागतो. भिंतीच्या सांध्यातलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असताना बोटांनी उपटता येतं. वर्षा-दोन वर्षांनी त्याला पहार लागते. त्यानंतर पिंपळ काढायचा तर भिंतच उतरवावी लागते. किल्ल्याच्या पडझडीला शतकं लागतात. कुलूप लावलेला वाडा पाच-सात पावसाळ्यांत खाली बसतो.

आपल्याकडे ऐतिहासिक गावांवर पुष्कळ लिहिलं जातं आणि ते बहुतेक दगडा-लाकडाविषयी असतं. नक्षीदार महिरप, सुरूचे खांब, दिंडी दरवाजा, नगारखाना. त्या महिरपीखाली दूध तापवणारी, वीजबिल भरणारी, सातबारा काढायला तलाठ्याकडे खेटे घालणारी माणसं त्या लेखांत क्वचितच येतात. वाड्याचं पुढे काय होणार, हे मात्र त्यांच्याच घरात ठरतं.

माळवदाखालचा संसार

माझं आजोळ सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वाड्याचा दावा अजून कोर्टात आहे आणि मला दोन्ही बाजूंच्या मामांकडे जेवायला जायचं असतं.

वाईकडे पाऊस बरा, म्हणून तिथल्या घरांवर उतरतं कौलारू छप्पर. पूर्वेकडे पाऊस कमी, तिथे सपाट माळवद. घर खोल्यांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. चार खांबांमधली जागा म्हणजे खण. खांबावर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपट्यांचं दाट किलचण, त्यावर तरवडाचा किंवा कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर चाळलेली पांढरी माती. ही माती गावातच मिळते. पिढ्यान् पिढ्यांची पडकी घरं, राख, शेण मिसळून झालेली जुन्या वस्तीची जमीन म्हणजे पांढर, आणि शेतीची ती काळी. आजची घरं कालच्या घरांच्या मातीने शाकारली जातात.

पांढऱ्या मातीचा गुण असा की ती भिजली की मिटते आणि पाणी खाली सोडत नाही. अट एकच, दरसाल हात फिरला पाहिजे. वैशाखात वळवाच्या आधी माळवदावर चढायचं, गवत मुळासकट काढायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी माती पसरून चोपायची, उतार पन्हळीकडे काढायचा. पहिला पाऊस पडला की घरातलं कुणीतरी भिजत वर जायचंच. खाली ओसरीवर कुठे थेंब पडतोय ते मामी ओरडून सांगायची आणि वर मामा तेवढ्या जागी कोरडी माती दाबायचा. गळती काढायला गवंडी लागत नसे, दोन माणसं लागत.

याच माळवदावर उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळायचे आणि रात्री अर्धं घर झोपायला असायचं. वर सतत वावर, म्हणून कुठे माती खचली ते पायालाच कळायचं. चुलीच्या धुराने किलचण काळं व्हायचं आणि त्या धुराला कीड-वाळवी टिकत नसे. गॅस आला, धूर गेला, बायकांचे डोळे आणि फुप्फुसं वाचली. ते झालं हे उत्तमच. पण लाकडाचं ते फुकटचं औषधही त्याबरोबर गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही करावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग मनुष्यबळ आटलं. एक मामा कराडला, दुसरा पिंपरी-चिंचवडला. माळवदावर आधी प्लास्टिकचा कागद आला, मग पत्रा आला आणि शेवटी कुणीतरी भिंतीला सिमेंटचा गिलावा करून दिला. जुन्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटने बाहेरचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, गिलाव्याला पापुद्रे सुटतात आणि भिंतीत गाडलेलं लाकूड कुणाला न दिसता कुजत राहतं. पूर्वी चुना घाण्यात मळायचे. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर पडायचा आणि काम दिवसेंदिवस चालायचं. आता चुना मळता येणारा गवंडी पंचक्रोशीत शोधावा लागतो. सापडला तरी त्याची मजुरी आणि त्याचा वेळ परवडत नाही.

भूकंपाने शिकवलेलं

इथपर्यंत वाचून जुनं ते सोनं असं वाटायला लागलं असेल, तर किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. लातूर-उस्मानाबादच्या गावांत मेलेली हजारो माणसं बहुतेक झोपेत, आपल्याच भिंतींखाली आणि माळवदाखाली मेली. दरसाल नवी माती चढवायची आणि जुनी खरवडायची नाही, अशा सवयीने वरचा थर जाडच जाड झाला होता. त्याखाली गोल दगड मातीत बसवून रचलेल्या जाड भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगडच त्यांत नव्हते. धक्का बसला आणि भिंतीची दोन सालं वेगळी होऊन कोसळली. बऱ्याच ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा मात्र उभा राहिला होता.

सातारा जिल्ह्याने हे त्याआधी २६ वर्षं अनुभवलं होतं. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे एखाद्या म्हातारीला स्लॅबचं घर हवंसं वाटतं तेव्हा तिला सौंदर्यदृष्टी नाही असं समजायचं कारण नाही. तिला रात्री शांत झोप हवी असते.

किल्लारीतून शिकण्यासारखं बरंच होतं. वरची माती खरवडून हलकी करावी, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसवावेत, खांब-तुळईच्या कोनात तिरक्या लाकडांचा आधार द्यावा, म्हणजे तेच घर पुष्कळ सुरक्षित होतं. पण सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि लोकांच्या मनात एकच धडा बसला: माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीवन. दुरुस्ती नावाची तिसरी वाट लोकांच्या मनात रुजलीच नाही.

पैसा कुठला होता?

हे वाडे मुळात कुणाच्या जिवावर उभे होते, हेही बघायला हवं. वाड्याचा खर्च वाड्यातून कधीच निघत नव्हता. तो इनामाच्या गावांतून, वतनातून, सरंजामातून यायचा. मोरी काढणारा, अंगण सारवणारी, पागेत वैरण टाकणारा, दिंडी दरवाज्याशी बसणारा ही माणसं बलुत्यावर किंवा वेठीवर मिळायची. इंग्रजांनी १८४८मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा केलं, १८५२च्या इनाम कमिशनने दस्तऐवज तपासून पुष्कळ इनामं काढून घेतली. उरलेलं स्वातंत्र्यानंतर गेलं. परगणा व कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने, वैयक्तिक इनामं १९५२च्या कायद्याने आणि कुळांकडची जमीन १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने. त्याआधी १९४८ येऊन गेलं होतं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत सातारा-सांगली-कोल्हापूर भागातल्या कित्येक गावांत ब्राह्मणांची घरं जळाली आणि त्या घरांतली माणसं गाव सोडून शहरांत गेली. काही वाड्यांच्या मधल्या चौकात आजही फक्त जोतं दिसतं, ते त्या वेळचं.

ही व्यवस्था मोडली त्याचं दुःख करण्याजोगं फारसं काही नाही. ज्यांच्या घामावर ती चालली त्यांच्या बाजूने पाहिलं तर वाडा वेगळा दिसतो. त्याचे दगड वडारांनी फोडले, पाथरवटांनी घडवले, लाकूड सुतारांनी कोरलं, आणि शिलालेखावर नाव लागलं ते धन्याचं. वेशीच्या आत कुणी राहायचं आणि गावकुसाबाहेर कुणी, घाटाच्या कुठल्या बाजूचं पाणी कुणी भरायचं, हे त्याच दगडांनी ठरवलं होतं. गावाच्या सभेत कुणी “आपला वारसा” म्हणालं की मागे बसलेल्या एखाद्याला आपल्या आज्याला दिंडीच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, हे आठवतं. तो विरोध करत नाही. श्रमदानाला मात्र तो येत नाही, आणि मग समितीतले लोक गावात एकी नाही म्हणून हळहळतात. वाड्यासमोरच्या फलकावर घडवणाऱ्यांचा उल्लेख आला, वेशीबाहेरच्या वस्तीतली जुनी विहीरही वाड्याच्या बरोबरीने दुरुस्तीच्या यादीत आली, तर ही एकी सोपी होईल.

तर पैसा गेला, फुकटचे हात गेले. मागे राहिले ते हिस्सेदार.

एक तुळई, तीन मालक

वाडा पावसाने पडतो असं आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात तरी वाडे जास्त करून वाटणीने पडले.

पणजोबांना चार मुलगे, त्यांना मिळून अकरा, आता कागदावर तीस-चाळीस नावं. लेकींचाही हिस्सा समान आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४मध्ये केली आणि २००५पासून ती देशभर झाली. न्याय म्हणून ते योग्यच आहे. पण वाडा ही वस्तू अशी की तिचे तुकडे करायला तिची घडणच तयार नसते. वाटणीपत्रं वाचावीत म्हणजे कळतं. देवघर सामाईक, जिना सामाईक, आडाचा चौथा हिस्सा, माजघराच्या उत्तरेचे दोन खण थोरल्या पातीला, त्यातून परसात जाण्यायेण्याचा हक्क धाकट्या पातीला. चौकात मधोमध विटांची भिंत उठते, सोप्याचा उजेड जातो, आणि पूर्वी एका मोरीतून निघणारं पाणी आता दोघांच्या मधे अडतं.

लाकडाचा हिशोब तर त्याहून अवघड. तुळई एकच असते आणि ती तीन हिश्श्यांवरून जाते. शहरात आणि रिसॉर्टवाल्यांत जुन्या सागवानाला गिऱ्हाईक आहे. कोरीव खांब, चौकटी, पितळी फुलांचे दरवाजे यांचे दलाल गावोगाव फिरतात. आजोळी एका भावाने आपल्या वाट्याचे खांब काढून विकले. त्याच्या हक्कात होतं ते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावरची तुळई त्या पावसाळ्यात वाकली. मामीने खाली लोखंडी पाइपाचा टेकू लावून घेतला आणि पुढे कित्येक वर्षं त्या टेकूला वळसा घालून पोळ्या वाढल्या. विकणाऱ्याला बोल लावावा तर त्याच्या मुलीच्या इंजिनियरिंगची फी त्यातून भरली गेली. कोर्टात दावा पडला तो यानंतर.

दावा चालू असताना दुरुस्ती करायची नाही, हा अलिखित नियम. ज्याने पैसे घातले त्याचा कब्जा मजबूत होतो, ही दुसऱ्याला भीती. आपण पैसे घालायचे आणि निकाल विरुद्ध गेला तर, ही पहिल्याला भीती. या दोन भीतींच्या मधे छप्पर गळत राहतं.

गोव्यात हीच गोष्ट वेगळ्या कायद्याखाली घडते. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याने मुलगा-मुलगी पूर्वीपासून समान वारस आहेत, आणि परदेशी गेलेल्या वारसांच्या सह्यांअभावी कित्येक थोर घरं कुलपात आहेत. त्यातूनही वाट निघते. चांदरचं ब्रागांझा घर दोन शाखांत वाटलं गेलं, पण इमारत न मोडता. एका बाजूला मिनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला ब्रागांझा परेरा. दोन्हीकडे घरची माणसं राहतात आणि येणाऱ्यांना घर दाखवून देखभालीसाठी पैसे घेतात. वाटणी माणसांची झाली, छप्पर एकच राहिलं.

कागदावरचं घर

पुरंदर तालुक्यातलं सोनोरी हे मल्हारगडाच्या पायथ्याचं गाव. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६०च्या दरम्यान हा गड बांधला, आणि गावात त्यांची गढी आहे. महाराष्ट्रात गावठाणाच्या ड्रोन-मोजणीचा पहिला प्रयोग झाला तो याच सोनोरीत. पुढे २४ एप्रिल २०२०ला केंद्राची स्वामित्व योजना आली आणि गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या.

ही मोठी सोय आहे. सातबारा शेताचा असतो; गावठाणातल्या घराला इतकी वर्षं ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हाच काय तो आधार होता आणि त्यावर बँक कर्ज द्यायला नाखूष. आता नकाशा आहे, क्षेत्र आहे, नाव आहे. पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, छपराखालच्या चार चुली दिसत नाहीत. ज्या वाड्याच्या वारसनोंदी दोन पिढ्या रखडल्या आहेत, त्याच्या पत्रिकेने भांडण मिटत नाही, भांडणाला पक्का नकाशा मिळतो.

सरकारी भाषेत हा वाडा कोणत्या जातीचा, हेही पाहावं. ग्रामपंचायतीच्या करआकारणीत इमारतींचे वर्ग बांधकामावरून पडतात: मातीची, मग दगड-विटांची मातीत बांधलेली, मग चुना-सिमेंटची आणि सगळ्यात वर आरसीसी. अडीचशे वर्षं उभी असलेली भिंत या उतरंडीत खालच्या पायरीवर बसते. कर कमी पडतो हे खरं, पण गावाच्या मनात किंमतही तेवढीच ठरते.

घरकुलात हे आणखी ठळक होतं. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर असा निकष ठरला, आणि पात्रतेचा पाया बेघर असणं किंवा दोन खोल्यांपर्यंतच्या कच्च्या घरात राहणं हा. सबंध वाडा या व्याख्येत कधीच बसला नसता. वाटण्या होऊन दोन खणांचा, मातीच्या भिंतीचा आणि मातीच्या माळवदाचा तुकडा झाला की तो बसू शकतो. मग गरजू हिस्सेदार आपला तुकडा पाडतो आणि तिथे सिमेंटची खोली उभी करतो. तो नियमाप्रमाणे वागतो, अधिकारी नियमाप्रमाणे वागतात आणि वाडा नियमाप्रमाणे नाहीसा होतो. तोच पैसा दुरुस्तीला, भूकंपाच्या दृष्टीने मजबुतीला वापरायची मुभा मिळाली, तर त्या माणसाला पाडण्याचं कारण उरणार नाही.

संरक्षित स्मारकांचा कायदा इथवर येत नाही. केंद्राच्या १९५८च्या कायद्याखाली महाराष्ट्रात पावणेतीनशेहून जास्त स्मारकं आहेत, राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली साडेतीनशेहून जास्त. किल्ले, लेणी, देवळं, काही वाडे. गावोगावच्या हजारो राहत्या वाड्यांना ही यादी पुरणार नाही, आणि खरं तर त्यांना यादीत जायचंही नसतं. केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरसाठी परवानगी लागते, हे २०१०च्या दुरुस्तीने घट्ट झालं. दाट वस्तीच्या गावात ३०० मीटर म्हणजे जवळजवळ गाव. न्हाणीघर बांधायचं तरी दिल्लीपर्यंत कागद जातो, ही दहशत इतकी की कित्येक घरमालक जुना शिलालेख दिसला तर त्यावर चुना फिरवतात. पाहायला कुणी आलंच तर चहा पाजून वाटेला लावतात.

जिथे काम अजून चालू आहे

मग टिकतं काय? पुणे-बंगळूर महामार्गावरून साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्याला आत वळलं की शेतांच्या मधे बारा मोटेची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, आणि पाण्यावर बांधलेला छोटा महाल. वरच्या दगडांवर मोटांच्या दोरांनी झिजलेल्या खाचा आहेत. विहीर बांधली ती आमराईला पाणी द्यायला. मोटा गेल्या आणि इंजिनं आली, इंजिनं गेली आणि विजेचे पंप आले, पण विहिरीचं काम तेच राहिलं. ज्या विहिरीवर भाताचा-उसाचा हंगाम अवलंबून असतो तिच्यातला गाळ काढायला माणसं जमवावी लागत नाहीत.

मेणवलीचा घाटही याच कारणाने शाबूत आहे. धुणी, दहावे-तेरावे, गणपतीचं विसर्जन, पोरांचं पोहणं. वाईच्या सात घाटांवर दरसाल कृष्णाबाईचा, म्हणजे नदीचाच, उत्सव होतो. घाटाघाटाचा आपला उत्सव असतो, मांडव पडतो, प्रसादाच्या पंगती उठतात आणि त्याआधी घाट धुतला जातोच. पायऱ्या घसरड्या झाल्या, एखादा दगड निखळला, तर उत्सवाच्या बैठकीत तो विषय निघतो आणि वर्गणीतून काम होतं. त्याला कुणी संवर्धन म्हणत नाही.

राहत्या वाड्याला असं काम मिळवून द्यायला हवं. पर्यटनाकडे आपण फार पटकन वळतो. पण प्रत्येक वाड्याचं हॉटेल होणार नाही, आणि ज्याचं झालं त्यातून राहणारे बहुधा बाहेर पडतात. रस्त्यालगतच्या सोप्यात टपाल कचेरी, पतपेढी, अंगणवाडी, दवाखाना भाड्याने बसू शकतो. पूर्वी अनेक गावांत शाळा वाड्यातच भरायच्या. भाडं थोडं येईल, पण दरवाजा रोज उघडेल, कुणीतरी रोज केर काढेल. चित्रीकरणाचे पैसे आले तर ते हिश्श्याहिश्श्याने वाटून संपवण्यापेक्षा आधी छपराच्या खात्यात टाकता येतील.

त्याआधी मालकीची गाठ सोडवावी लागेल, आणि ती सोडवायला सरकार लागत नाही. जे गावी राहतात त्यांच्या नावे बाकीच्यांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, बदल्यात दरसाल सुट्टीला येऊन राहण्याचा हक्क लेखी ठेवायचा. किंवा हक्क सोडायचा नसेल तर कुटुंबाचा न्यास करून व्यवस्था एकाकडे द्यायची आणि हिशोब सगळ्यांना दाखवायचा. एवढंही जमत नसेल तर निदान सामाईक दुरुस्तीचा करार करायचा: निकाल काहीही लागो, छपरावर केलेला खर्च हिश्श्याप्रमाणे वाटून घेतला जाईल आणि खर्च केला म्हणून कुणाचा कब्जा वाढणार नाही. वकिलाकडून हा कागद एका दिवसात तयार होतो. आजोळी गेल्या उन्हाळ्यात तो झाला, सह्या गोळा करायला मात्र सबंध हिवाळा गेला होता. पाइपाचा टेकू निघाला, तुळईला दुसऱ्या लाकडाची जोड मिळाली. दावा चालूच आहे, आणि मामी आता सरळ चालत वाढते.

दिवाळीला सगळे हिस्सेदार गावी येतात. नंबरप्लेटी पुण्याच्या, ठाण्याच्या, एखादा पुतण्या बंगळुरूहून. वाड्यापुढे सेल्फी होतात, कुटुंबाच्या ग्रुपवर जातात, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कुलपं लागतात. या दोन-चार दिवसांत फराळानंतर तासभर सगळ्यांनी सोप्यात बसावं. नमुना आठचा उतारा आणि मिळकत पत्रिका मधे ठेवावी, गावात राहणाऱ्या वहिनीला आधी बोलू द्यावं आणि वैशाखात माळवदावर कोण चढणार, माती कोण आणणार आणि पैसे कोण देणार, ही तीन नावं त्याच बैठकीत लिहून काढावीत. भांडण होईल. पण ते निदान छपराखाली बसून होईल.